खोलीही दिसावी, खिडकीबाहेरचं आकाशही: एचडीआर फोटो कसा करावा

भर दुपारी खोलीत उभं राहून खिडकीचा फोटो काढा. खोली नीट दिसेल असं एक्स्पोजर ठेवलं, तर खिडकीच्या जागी नुसता पांढरा चौकोन उरतो. आकाश सांभाळलं, तर खोली काळीठिक्कर. डोळ्यांना मात्र दोन्ही दिसत असतं. चांगल्या कॅमेऱ्याचा सेन्सर एका फ्रेममध्ये सुमारे १४ स्टॉपपर्यंतचा फरक टिपतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), पण अशा दृश्यात तोही तोकडा पडू शकतो. त्यावर उपाय एकच: कमी-जास्त प्रकाशाचे फोटो काढून ते जोडायचे. यालाच एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज) म्हणतात. १८५० च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने समुद्राच्या चित्रांसाठी आकाशाची एक आणि पाण्याची एक, अशा दोन निगेटिव्ह एकत्र छापल्या होत्या. आपण तेच काम सॉफ्टवेअरकडून करून घेतो.

आधी फोटो नीट काढा

जे कुठल्याच फ्रेममध्ये टिपलं गेलं नाही, ते सॉफ्टवेअर आणू शकत नाही. म्हणून अर्धं काम इथेच होतं.

कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, फॉरमॅट रॉ (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली माहिती) ठेवा, आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, १००. फोकस एकदा साधून मॅन्युअलवर टाका. छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, सगळ्या फ्रेमना एकच हवं. ते बदललं तर फोकसची खोलीही बदलते आणि फ्रेम एकमेकांवर बसत नाहीत. बदलायचा तो फक्त शटरचा वेग. समजा एफ/८ ला मधलं एक्स्पोजर १/६० सेकंद आहे. मग दोन स्टॉप कमी म्हणजे १/२५० आणि दोन स्टॉप जास्त म्हणजे १/१५. कॅमेऱ्यातलं ऑटो ब्रॅकेटिंग (एक्स्पोजर बदलत फोटो काढण्याची सोय) हे तीन फोटो आपोआप काढतं. सोबत सेल्फ टायमर लावला की बटण दाबतानाचा हादराही टळतो.

आता हिस्टोग्राम बघा, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख: डावीकडे गडद भाग, उजवीकडे उजळ. सर्वांत गडद फ्रेममध्ये आलेख उजव्या कडेला चिकटलेला नको, सर्वांत उजळ फ्रेममध्ये डाव्या कडेला नको. चिकटला असेल तर त्या बाजूला आणखी एक फ्रेम काढा. सूर्य किंवा पेटलेला दिवा चौकटीत असेल, तर तेवढा ठिपका जळू द्यावा, तो जळलेलाच बरा दिसतो.

फ्रेम जोडणे

लाइटरूम क्लासिक या अडोबीच्या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही फोटो निवडा आणि ‘फोटो’ मेनूतून ‘फोटो मर्ज’, मग ‘एचडीआर’ निवडा. ‘ऑटो अलाइन’ला (फ्रेम एकमेकांवर नीट बसवण्याचा पर्याय) टिक करा, हातात कॅमेरा धरून काढले असतील तर ती हवीच.

‘डीघोस्ट’चा पर्याय विचार करून वापरा. फ्रेम बदलताना पडदा हलला, कुणी चालत गेलं, तर त्या जागी भुतासारख्या अर्धवट आकृत्या उमटतात. डीघोस्ट तेवढा भाग एकाच फ्रेममधून उचलतं. त्यामुळे तिथे इतर फ्रेमचा फायदा मिळत नाही आणि सावलीत दाणे दिसू शकतात. काही हललं नसेल तर ‘नन’, थोडं हललं असेल तर ‘लो’ पुरतं. ‘मर्ज’ केल्यावर नवी डीएनजी (रॉसारखीच) फाइल तयार होते. तिच्यात एक्स्पोजरची पट्टी ±५ ऐवजी ±१० पर्यंत जाते. मोफत पर्याय हवा असेल तर ल्युमिनन्स एचडीआर आहे, किंवा हगिन या पॅनोरमा जोडण्याच्या सॉफ्टवेअरसोबत येणारं एन्फ्यूज.

टोन: खरी कसोटी

बहुतेक एचडीआर फोटो इथे बिघडतात. सावल्या उचलण्याची मुभा मिळाली की माणूस त्या उचलतच जातो आणि खोलीतला कोपरा आकाशाइतकाच उजळ होऊन बसतो. प्रकाश कुठून येतोय हेच मग कळत नाही. माझं ठाम मत आहे की सावली सावलीच राहिली पाहिजे, फक्त तिच्यात काय आहे ते दिसलं पाहिजे.

म्हणून आधी एक्स्पोजरने मुख्य विषय जागेवर आणा. मग हायलाइट्सची (उजळ भागांची) पट्टी खाली, पुरेसे ढग दिसेपर्यंतच. त्यानंतर शॅडोज (सावल्या) हळूहळू वर. शेवटी ब्लॅक्स (सर्वांत गडद भाग) थोडे खाली ओढा, म्हणजे फोटोत कुठेतरी खरा काळा राहतो. मग फोटो काही क्षण कृष्णधवल करून बघा: खिडकी आणि भिंत एकाच राखाडी छटेत दिसली, तर शॅडोज मागे घ्या.

आता १०० टक्के झूम करून खिडकीची चौकट तपासा. गडद लाकडाभोवती उजळ किनार, म्हणजे हेलो, दिसत असेल तर क्लॅरिटी (कडांचा उठाव) आणि शॅडोज कमी करा आणि उरलेली सुधारणा मास्क लावून, म्हणजे ठरावीक भाग निवडून, तेवढ्याच भागावर करा.

सावल्या उचलल्या की रंगही उघडे पडतात. खिडकीजवळची भिंत निळसर, दिव्याखालची पिवळी. सगळ्या फोटोचा व्हाइट बॅलन्स (रंगाचा निळा-पिवळा तोल) बदलून हे सुटत नाही. निळ्या भागावर मास्क घेऊन तिथलंच टेम्परेचर किंचित वाढवा. पिवळेपणा पूर्ण पुसू नका, दिव्याची ऊब त्यातच असते.

एडिट पॅनेलमध्ये ‘एचडीआर’ नावाचं एक बटणही दिसतं. ते एचडीआर स्क्रीनवर जास्त तेजस्वी दाखवण्यासाठी आहे, फ्रेम जोडण्याशी त्याचा संबंध नाही. साध्या स्क्रीनसाठी किंवा छपाईसाठी ते बंद ठेवा. वेबसाठी एसआरजीबी (बहुतेक स्क्रीनवर चालणारी रंगांची व्यवस्था) जेपेग काढा, छपाईआधी आणखी काम करायचं असेल तर १६ बिटची टिफ.