नेटहॅकमध्ये एकही खून न करता शेवट गाठायचाय? या चुका टाळा

नेटहॅक १९८७ सालचा संगणकावरचा खेळ. अंधारकोठडीत खोल उतरायचं, मोलोकच्या मंदिरातून येंडोरचा ताईत पळवायचा, वर यायचं आणि अ‍ॅस्ट्रल प्लेन या शेवटच्या पातळीवर आपल्या देवाच्या वेदीवर तो वाहायचा. या साऱ्या प्रवासात तुम्ही स्वतः कुणाला मारलंच पाहिजे, अशी सक्ती कुठेही नाही. एकही खून न करता खेळण्याच्या या स्वतःहून घेतलेल्या नेमाला पॅसिफिस्ट कंडक्ट म्हणतात. खेळ त्याची नोंद ठेवतो आणि #कंडक्ट कमांड दिली की ती केव्हाही पाहता येते. ही कमांड अधूनमधून देत राहा. नोंद एकदा मोडली की परत जुळत नाही, आणि ते शेवटच्या पडद्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. खालचे तपशील ३.४.३ आणि ३.६ या आवृत्त्यांचे आहेत.

“मी हात लावला नाही, तो आपोआप मेला”

सगळ्यात जास्त खेळ या समजुतीपायी वाया जातात. तुम्ही तलवार चालवली की आरसा दाखवला, याच्याशी खेळाला काही देणंघेणं नाही. मृत्यूचं श्रेय कुणाच्या खात्यावर पडलं, एवढंच तो बघतो. त्यामुळे ज्या युक्त्या सगळ्यात हुशारीच्या वाटतात, नेमक्या त्याच घात करतात.

जिच्या नजरेने समोरचा दगड होतो त्या मेडुसाला आरसा दाखवून तिलाच दगड करणं ही जुनी, नावाजलेली युक्ती. हिशोबात तो तुमचा खून. रिफ्लेक्शनची ढाल घालून नुसते समोर उभे राहिलात आणि तिची नजर उलटून तिच्यावरच गेली, तरी खून तुमचाच. मेडुसाच्या नादी न लागता पुढे जाण्याचा स्वच्छ मार्ग म्हणजे लेव्हल टेलिपोर्ट, म्हणजे जादूने थेट दुसऱ्या लेव्हलवर (मजल्यावर) जाणं: गोंधळलेल्या अवस्थेत टेलिपोर्टेशनचा स्क्रोल (जादूची गुंडाळी) वाचा. टेलिपोर्ट कंट्रोलची रिंग बोटात असेल तर लेव्हल स्वतः निवडता येते. सोबतचा पाळीव प्राणी त्या क्षणी शेजारच्या घरात (चौकोनात) हवा, नाहीतर तो मागेच राहतो.

किल्ल्याच्या उचलत्या पुलाचंही तसंच. तो उघडणारी पाच सुरांची धून मास्टरमाइंड या अंदाजाच्या खेळासारखी शोधून काढायची असते. टंबलर वाजला तर सूर बरोबर पण जागा चूक. गिअर फिरला तर दोन्ही बरोबर. धून सापडली की बरेच जण आनंदाच्या भरात लगेच पूल उघडतात आणि खाली उभा असलेला सैनिक चिरडतो. पूल तुम्ही हलवला, म्हणून मेला तो तुमच्यामुळे. पूल जिथे टेकतो ते घर आणि दरवाजाची चौकट, दोन्ही रिकामी दिसेपर्यंत शेवटची धून वाजवू नका. पूल फोडतानाही हाच नियम.

स्टिंकिंग क्लाउडच्या स्क्रोलने सोडलेल्या धुरात कुणी गुदमरला, स्क्रोल ऑफ अर्थ वाचल्यावर शेजारच्याच्या डोक्यात धोंडा पडला, फेकलेली बाटली जीवघेणी ठरली, तर हे सगळं तुमच्या नावावर. पाळीव प्राण्याने मारलेला, कॉन्फ्लिक्टच्या प्रभावाखाली मॉन्स्टरांनी आपसात मारलेला, किंवा स्वतःच्या पायाने सापळ्यात जाऊन मेलेला मात्र तुमच्या नावावर चढत नाही. युक्त्या या तीन वाटांवरच बेतायच्या.

चालता चालता खून

बाणाची कळ दाबली आणि समोर मॉन्स्टर असला, तर खेळ त्याला चाल नव्हे, हल्ला समजतो. सुरुवातीचे न्यूट आणि उंदीर एका फटक्यात मरतात, त्यामुळे नोंद मोडायला शंभरावी चाल उजाडावी लागत नाही. दिशेच्या आधी एम दाबायची सवय लावा. एम लावलं की पात्र फक्त चालायचा प्रयत्न करतं, वार करत नाही. पडद्यावर आय हे अक्षर उमटलं असेल, म्हणजे तिथे न दिसणारं काहीतरी आहे, तर तिकडे पुन्हा साधी कळ दाबूच नका. दुसऱ्या वेळी ती चाल हल्लाच ठरते.

एखाद्या प्राण्याने गिळलं की लोक घाबरून आतून मारत सुटतात. डिगिंगची वाँड (खणणारी जादूची कांडी) आतून झॅप करा, म्हणजे चालवा. त्या प्राण्याचे हिट पॉइंट (जीवशक्ती) १ वर येतात, तुम्ही बाहेर पडता आणि तो जिवंत राहतो. बाहेर आल्यावर मात्र हात आवरा. पुढचं काम पाळीव प्राण्याचं.

पाळीव प्राण्यावर सगळा भार, पण त्याच्याकडे लक्ष नाही

खून करणारा तोच, म्हणून तोच तुमचं खरं शस्त्र. त्याचा एक नियम न कळल्याने खेळ मध्येच अडतो: आपल्यापेक्षा २ किंवा अधिक लेव्हल वरच्या मॉन्स्टरवर तो हल्लाच करत नाही. सुरुवातीचं मांजराचं पिल्लू वाढून मोठी मांजर होतं. तिची मूळ लेव्हल ६, आणि मारून मारून ती मूळ लेव्हलच्या दीडपट, म्हणजे ९ पर्यंतच चढते. मोठ्या कुत्र्याचंही तेच. मग ११ लेव्हलच्या शत्रूसमोर ती नुसती इकडेतिकडे फिरत राहते आणि खेळाडूला वाटतं, हिला झालं काय. स्टेथोस्कोप लावा. दर चालीत पहिला वापर फुकट असतो, आणि लेव्हल व हिट पॉइंट दोन्ही कळतात, मांजरीचे आणि शत्रूचेही.

क्वेस्ट (पात्राची खास मोहीम) येण्याआधीच तगडा साथीदार मिळवायला हवा. विझर्ड ऑफ येंडोर या मुख्य शत्रूची लेव्हल ३० आहे, आणि तो जितक्या वेळा मरतो तितकी एकेकाने वाढते. म्हणजे त्याच्यावर धावून जायला किमान २९ लेव्हलचा साथीदार लागतो. आर्क-लिच हा मृत जादूगार-मॉन्स्टर २५ पासून सुरू होऊन ३७ पर्यंत जाऊ शकतो. मांजर कितीही लाडकी असली तरी इथे उपयोगाची नाही. साथीदार मिळवायला टेमिंगचा स्क्रोल, चार्म मॉन्स्टर मंत्र किंवा मॅजिक हार्प वापरतात.

दुसरा उपाय म्हणजे आहे त्या प्राण्याचं रूप बदलणं, आणि चूक होते ती इथेच. पॉलिमॉर्फची वाँड त्याच्यावर चालवली तर दर २५ वेळांत सरासरी एकदा तो धक्क्याने मरतो, आणि तो खून तुमचा. पॉलिमॉर्फ ट्रॅपमध्ये हा धोका नाही. तुमच्याकडे मॅजिक रेझिस्टन्स असेल तर स्वतः ट्रॅपवर उभे राहा आणि शेजारच्या प्राण्याशी जागा बदला. तो ट्रॅपवर येतो. जमलं नाही तर पुन्हा. कधीकधी तो प्रभाव झुगारूनही देतो.

हीच जागा बदलण्याची चाल इतर सापळ्यांजवळ मात्र घातक आहे. तुम्ही जागा बदलल्यामुळे प्राणी सापळ्यात पडून मेला, तर खेळ ती थेट तुमची हत्या धरतो, वर देवही नाराज होऊ शकतो. अरुंद बोळात ओळखीचा सापळा असेल तर प्राण्याला स्वतःच्या चालीने येऊ द्या.

जिन्यावर फक्त शेजारच्या घरातला प्राणीच सोबत येतो, आणि खाण्यात गुंतला असेल तर तोही नाही. मॅजिक व्हिसल वाजवली की लेव्हलवरचे सगळे जवळ येतात. ती मिळेपर्यंत जिन्यापाशी धीर धरायचा. दुसऱ्या लेव्हलवर फार काळ सोडलेला प्राणी रानटी होऊ शकतो.

लेव्हल आधी, देणगी नंतर

हा क्रम चुकीचा; देणगी आधी, लेव्हल नंतर, नाहीतर खेळ फार महाग होतो. मंदिरातल्या पुजाऱ्याला तुमच्या अनुभव-लेव्हलच्या ४०० पट सोनं दिलं की संरक्षण मिळतं: पहिल्या वेळी २ ते ४ पॉइंट, नंतर एकेक. लेव्हल १ वर ते ४००, लेव्हल १४ वर ५६००. खून करत नाही म्हणून तुमची लेव्हल आपोआप १ वर अडकलेली असते. इतर खेळाडू याला तोटा म्हणतात, तुमच्यासाठी हीच सवलत. रक्कम ४०० पटीपेक्षा कमी नको आणि ६०० पटीला टेकायलाही नको. जास्त दिलं की जास्त मिळेल असा हिशोब इथे नाही. ६०० पट दिलं तर पुजारी उदारतेची स्तुती करतो आणि संरक्षण देत नाही.

म्हणूनच या मार्गाला नोम हीलर (बुटक्या नोम वंशाचा वैद्य) हे पात्र सोयीचं. तो १००१ ते २००० सोनं घेऊनच सुरुवात करतो, म्हणजे पहिल्या भेटीतच २ ते ५ देणग्या. स्टेथोस्कोप आणि स्लीपची वाँड सोबत असतेच, बरं करण्याचा मंत्र प्राण्यावरही चालतो, आणि नोम असल्याने खाणीतले बहुतेक रहिवासी वाट सोडून देतात. तिथलं माइनटाउन हे मंदिराचं गाव लागतं अंधारकोठडीच्या ५ ते ८ या लेव्हलांदरम्यान. एकच ध्यानात ठेवा: ऑरॅकलचा (भविष्य सांगणारीचा) मोठा सल्ला (किंमत ५०० अधिक लेव्हलच्या ५० पट) अनुभव देतो आणि लेव्हल चढवतो. आधी पुजारी, मग ऑरॅकल.

देणग्या संपल्या की मग लेव्हल चढवायची, कारण क्वेस्टचा नेता लेव्हल १४ शिवाय आत सोडत नाही. खून न करता चढायच्या वाटा मोजक्या: गेन लेव्हलचं पोशन, म्हणजे जादूचं पेय (शापित असेल तर छतातून वरच्या मजल्यावर जाल, लेव्हल तीच) आणि रेथ नावाच्या भुताचा मृतदेह खाणं. एन्लायटनमेंट आणि लेव्हिटेशन ही पोशन मिसळली तर तीनपैकी दोन वेळा गेन लेव्हल बनतं. रेथ मारणार तुमचा प्राणी, आणि भुकेला असेल तर मृतदेहही तोच खाणार. त्याला आधी पोटभर चारा. दफनभूमीच्या लेव्हलवर अशा मॉन्स्टरांचे मृतदेह मागे राहण्याची शक्यता एक तृतीयांशावर येते. म्हणून रेथला जिन्यावरून दुसऱ्या लेव्हलवर ओढत न्या.

नेता अलाइनमेंटही (आपल्या देवाशी निष्ठेचे गुण) पाहतो, ती किमान २० लागते. एरवी ती शत्रू मारून वाढते, त्यामुळे पॅसिफिस्ट नेमका इथे अडकतो. वर सांगितलेली ६०० पटीची ‘वाया गेलेली’ देणगी आता कामाला येते: पुजारी तुमच्याच देवाचा असेल आणि देणगीनंतर उरलेलं सोनं दिलेल्या रकमेच्या दुपटीपेक्षा कमी असेल, तर अलाइनमेंट २ ने वाढते. हेही लेव्हल १ वर असतानाच स्वस्त पडतं, म्हणून सोनं साठेल तसं दोन्हींत वाटून टाका.

एल्बेरेथ लिहिलं, तरी मार खाल्ला

धुळीत हा शब्द लिहिला की बहुतेक मॉन्स्टर त्या घरात हाणामारीला येत नाहीत. माणसं (अ‍ॅट चिन्हाची) आणि मिनोटॉर त्याला भीक घालत नाहीत. विझर्डही त्यातलाच. लांबून बाण आणि किरण येतच राहतात. ३.६ मध्ये त्या घरात तेवढा एकच शब्द हवा. जास्त खात्री म्हणून दोनदा लिहिलात तर एकदाही चालत नाही. दर वेळी कुणी घाबरला की सातात एक शक्यतेने अक्षरं पुसतात. तिथे उभं राहून झोपेची वाँड चालवली तर लगेचच पुसतात. आधी झॅप, मग लिखाण.

वाँडबद्दल आणखी एक: किरण भिंतीवर आपटून परत येतो. हीलरला लेव्हल १५ पर्यंत झोपेपासून संरक्षण नसतं, म्हणून जवळच्या भिंतीकडे तोंड करून झॅप करणं म्हणजे स्वतःलाच शत्रूसमोर निजवणं. लांब बोळातून मारा, समोर किमान डझनभर घरं मोकळी असू द्या.

शेवटच्या प्लेनवर अंगठी विसरणं

कॉन्फ्लिक्टची रिंग पॅसिफिस्टच्या फार कामाची: सगळे एकमेकांवर तुटून पडतात आणि तुमच्या नावावर काहीच चढत नाही. तिचा खर्च म्हणजे भूक, आणि तुमचे प्राणीही तुमच्यावर उलटतात. दुकानात किंवा मंदिरात ती घालायची नसते. पण अ‍ॅस्ट्रल प्लेनवर पाऊल टाकताना ती बोटात असली, तर रक्षक देवदूत येण्याऐवजी १ ते ४ शत्रू-देवदूत समोर उभे राहतात. पोहोचण्याआधी काढा, आल्यावर वाटलं तर पुन्हा घाला. अलाइनमेंट ८ च्या वर असेल तर रक्षक देवदूत पाळीव म्हणून मिळतो.

तिथल्या तीन वेद्यांचा क्रम दर खेळात वेगळा असतो. वेदीवर उभं राहून कोलन दाबा, ती कुणाची आहे ते वाचा, मगच ताईत वाहा. चुकीच्या वेदीवर वाहिला तर खेळ तिथेच संपतो, आणि मग पॅसिफिस्टची नोंद शाबूत असूनही विजय मिळत नाही.