कंपनीच्या स्टिरिओला सबवूफर आणि अ‍ॅम्प लावताय? या चुका टाळा

कंपनीचा टचस्क्रीन तसाच ठेवायचा आणि फक्त बेस वाढवायचा, हे आता बहुतेकांना हवं असतं, कारण रिव्हर्स कॅमेरा, स्टिअरिंगची बटणं, काही गाड्यांत तर एसीसुद्धा त्या स्क्रीनवरूनच चालतो, त्यामुळे पूर्वीसारखा डेक काढून दुसरा बसवायचा विषयच राहिला नाही. मग एक दहा इंची सब (सबवूफर, म्हणजे फक्त बेसचा मोठा स्पीकर), एक अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद देणारा अॅम्प्लिफायर) आणि ऑनलाइन मागवलेलं वायरिंग किट घेऊन लोकं दुकानात जातात, दोन तासात काम होतं, आणि थोड्या दिवसांनी सुरू होतं की बेस येत नाही, अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्ये जातो (स्वतःला वाचवायला बंद पडतो), रेस दिली की कुईं आवाज येतो, सकाळी बॅटरी डाउन. बहुतेक वेळा सबही चांगला असतो आणि अ‍ॅम्पही, चूक वायरीत, अर्थमध्ये (गाडीच्या पत्र्याला दिलेली निगेटिव्ह जोडणी) नाहीतर सेटिंगमध्ये असते आणि ती साध्या डिजिटल मल्टिमीटरने सापडते. म्हणून आधी मल्टिमीटर घ्या, मग पुढचं वाचा.

खोक्यावरचे वॅट बघून घेणं

मॅक्स, पीक, पीएमपीओ हे सगळे आकडे सोडून द्या, फक्त आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे वॅट बघा. त्याच्यावरही विश्वास नसेल तर अ‍ॅम्पच्या अंगावर कितीचा फ्यूज आहे ते बघा. ३० अ‍ॅम्पिअरचा एकच फ्यूज असेल तर इंजिन चालू असताना १३.८ व्होल्ट धरून अ‍ॅम्प आत ओढणार जास्तीत जास्त ४१४ वॅट, आणि क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) असला तरी त्यातले साधारण ८० टक्के बाहेर येणार, म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास. त्या अ‍ॅम्पवर ३००० वॅट लिहिलं असेल तर तो आकडा खोटा आहे. कंपनीचेच चार स्पीकर ठेवणार असाल तर छोट्या गाडीत दीडशे ते तीनशे आरएमएस पुरेसे होतात, त्याच्या वर गेलात तर बेसच बेस ऐकू येतो आणि गाणारा माणूस मागे राहतो. शिवाय छोट्या पेट्रोल गाड्यांत बॅटरी बऱ्याचदा ३५ अ‍ॅम्पिअर-अवरचीच असते, तेही लक्षात ठेवा.

वायर आणि फ्यूज

इथे सगळ्यात जास्त गडबड होते. किटवर लिहिलेलं ४ गेज आणि इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी ४ स्क्वेअर एमएमची वायर या एकदम वेगळ्या गोष्टी आहेत. गेजमध्ये आकडा जितका लहान तितकी वायर जाड, ८ गेज म्हणजे साधारण ८.४ स्क्वेअर एमएम आणि ४ गेज म्हणजे २१ स्क्वेअर एमएम, त्यामुळे "४ नंबरची वायर द्या" म्हणून घरच्या वायरिंगची वायर आणलीत तर ती पाचपट बारीक असते आणि तीनशे वॅटला ती तापणारच.

दुसरं म्हणजे स्वस्त किटमधली वायर बऱ्याचदा तांब्याची नसतेच, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, ज्याला सीसीए म्हणतात. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी चमक दिसली की समजा अ‍ॅल्युमिनियम आहे. याने काय फरक पडतो ते आकड्यात बघा, बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर वायर, ३० अ‍ॅम्पिअर करंट, शुद्ध तांब्याच्या ८ गेजमध्ये साधारण ०.३ व्होल्ट पडतात, सीसीएमध्ये तेच अर्ध्या व्होल्टपर्यंत जातं. सीसीए वापरायचीच असेल तर एक साइज जाड घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर दुकानदाराला सरळ सांगा की फुल कॉपर पाहिजे आणि तिथेच खरवडून बघा, वाईट वाटून घेऊ नका.

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एक ते दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. अ‍ॅम्पवर फ्यूज आहे म्हणून हा नको असं बरेच जण म्हणतात, पण अ‍ॅम्पचा फ्यूज अ‍ॅम्पसाठी असतो, बॅटरीजवळचा फ्यूज त्या पाच मीटर वायरीसाठी असतो. वायर मध्येच कुठे घासून पत्र्याला लागली तर बॅटरी शेकडो अ‍ॅम्पिअर त्यातून सोडू शकते आणि गाडीला आग लागायला तेवढं पुरतं. फ्यूज वायरीच्या क्षमतेपेक्षा मोठा टाकू नका, आणि तो उडायला लागला म्हणून मोठा टाकणं तर अजिबात नको, का उडतोय ते शोधा. वायर बोनेटमधून आत आणताना पत्र्याच्या कोऱ्या भोकातून ओढू नका, कंपनीच्या वायरिंगचा रबरी ग्रोमेट असतो त्यातून न्या. आणि दाराच्या खालच्या पट्टीतून वायर नेताना पिवळ्या कपलरच्या किंवा पिवळ्या टेपच्या वायरी दिसल्या तर त्यांना हात लावू नका, त्या एअरबॅग आणि सीटबेल्टच्या आहेत. इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी केबलपासून लांबच राहा.

अर्थ

अर्थची वायर पॉझिटिव्हच्याच जाडीची, अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको, आणि खाली रंग खरवडून उघडा पत्रा, वर रिंग लग, स्टार वॉशर, घट्ट बोल्ट. रंगावरच स्क्रू मारून दिलेला असतो आणि मग लोकं अ‍ॅम्प बदलत बसतात. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका, तो जिवासाठी आहे. नवीन भोक पाडायचं तर आधी गाडीखाली वाकून बघा, तिथे पेट्रोलची टाकी, ब्रेकची पाइप, सीएनजी गाडीत गॅसची लाइनही जाते. मी तर म्हणेन भोक पाडूच नका, डिकीत कंपनीने दिलेले अर्थचे बोल्ट असतात ते शोधा.

ज्या गाड्यांत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं किंवा माइल्ड हायब्रिड आहे, त्यात बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो, बॅटरीतून किती करंट गेला ते तो मोजतो. अ‍ॅम्पची अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावली तर तो करंट सेन्सरला दिसतच नाही आणि चार्जिंगचा हिशोब चुकतो. तिथे बॉडीलाच अर्थ द्या.

कोकणात किंवा समुद्राजवळ राहत असाल तर बोल्ट घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा, नाहीतर एका पावसाळ्यात तिथे गंज धरतो. आणि अर्थ तपासायची खरी पद्धत म्हणजे गाणं जोरात चालू असताना मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला, ०.२ व्होल्टच्या आत आलं तर ठीक, अर्धा व्होल्ट दाखवला तर अर्थ परत करा.

सिग्नल कुठून घ्यायचा

कंपनीच्या स्टिरिओला बहुतेक वेळा आरसीए आउटपुट (बाहेरच्या अॅम्पसाठी कमी व्होल्टचा सिग्नल देणारी जोडणी) नसतो, म्हणून स्पीकरच्या वायरीवरून सिग्नल घ्यावा लागतो, एकतर अ‍ॅम्पमध्ये हाय लेव्हल इनपुट (ज्याला स्पीकरच्या वायरी थेट लागतात) असतो नाहीतर मध्ये हाय टू लो कन्व्हर्टर (स्पीकरचा सिग्नल आरसीएच्या पातळीवर आणणारा) लावायचा. इथे दोन चुका महाग पडतात.

पहिली, स्पीकरची निगेटिव्ह वायर बॉडीला जोडणं. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर साधारण सहा-सहा व्होल्ट असतात, निगेटिव्ह म्हणजे अर्थ नव्हे, ती बॉडीला लागली की स्टिरिओच्या आतला आउटपुट आयसी जाऊ शकतो आणि मग अख्खा स्क्रीन बदलायची वेळ येते.

दुसरी चूक फार कमी लोकांना माहीत असते. डावी-उजवी बाजू घेताना एका बाजूचं प्लस मायनस उलटं लागलं तर मोनो अ‍ॅम्प दोन्ही बाजू एकत्र करतो, आणि गाण्यातला बेस बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखाच रेकॉर्ड केलेला असतो, त्यामुळे तो एकमेकांत वजा होऊन जवळजवळ गायब होतो. लोकं गेन (स्टिरिओच्या सिग्नलशी अॅम्प जुळवायचा नॉब) वाढवतात, बास बूस्ट वाढवतात, सब बदलतात. तपासणं अगदी सोपं आहे, चालू गाण्यात एक आरसीए काढा, एक काढल्यावर बेस वाढला तर एक बाजू उलटी आहे.

मागच्या स्पीकरवरून सिग्नल घेतला असेल आणि फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमधला आवाजाचा तोल) पुढे केलेला असेल तरी सब गप्प बसतो, हेही एकदा बघून घ्या. आणि बऱ्याच कंपनी स्टिरिओत आवाज जसा वाढवाल तसा बेस आतल्या आत कमी केला जातो, छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून, त्यामुळे हळू आवाजात बेस छान आणि जोरात लावल्यावर पातळ असं वाटलं तर अ‍ॅम्पचा दोष नाही, बेस परत भरून काढणारा कन्व्हर्टर मिळतो तो लागेल. बोस, जेबीएल, सोनी असं लिहिलेली कंपनी सिस्टिम असेल तर तिथे वेगळा अ‍ॅम्प आणि प्रोसेसिंग असतं, त्यात अंदाजाने वायर तोडू नका. तोडायची तर कुठलीच नको खरं म्हणजे, तुमच्या मॉडेलचा कपलर घ्या, मध्ये लावा, म्हणजे वॉरंटीच्या वादाची शक्यता कमी होते आणि गाडी विकताना सगळं काढून घेता येतं.

रिमोटची वायर (अॅम्पला चालू-बंद करणारी) कायम १२ व्होल्टला जोडली की अ‍ॅम्प रात्रभर चालू. नुसता चालू असलेला अ‍ॅम्पही अर्धा ते एक अ‍ॅम्पिअर खातो, दहा तासात ३५ च्या बॅटरीतले दहा अॅम्पिअर-अवरपर्यंत गेले. चावी काढल्यावर बंद होणाऱ्या फ्यूजवर फ्यूज टॅप लावून रिमोट घ्या.

ओहम न बघता जोडणं

सबला दोन कॉइल असतील, ४ आणि ४ ओहमच्या (ओहम म्हणजे कॉइलचा विद्युत रोध), तर पॅरलल जोडल्यावर २ ओहम आणि सिरीजमध्ये ८ ओहम होतात. चार चॅनलचा अ‍ॅम्प ब्रिज करून (दोन चॅनल एकत्र जोडून) वापरणार असाल तर त्याला शक्यतो किमान ४ ओहम लागतात, तिथे २ ओहम लावले की तो तापून प्रोटेक्टमध्ये जातो. घ्यायच्या आधीच अ‍ॅम्प आणि सबची जोडी जमते का ते बघा. मल्टिमीटरवर ४ ओहमची कॉइल साडेतीनच्या आसपास दाखवते, ते बरोबर आहे.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही

गेन फुल, बास बूस्ट फुल आणि स्टिरिओचा बेस फुल, सब जळतो तो यानेच. ३ डीबी वाढवले की पॉवर दुप्पट लागते, ६ डीबीला चौपट, १२ डीबीला सोळापट. म्हणजे शंभर वॅटवर चाललेल्या सिस्टिमला १२ डीबी बूस्ट दिला तर तुम्ही सोळाशे वॅट मागताय, तेवढे अ‍ॅम्पकडे नाहीत, म्हणून तो सिग्नल कापून देतो आणि कॉइलचा वास यायला लागतो.

गेन मोजून लावा. सबची वायर काढून ठेवा, बूस्ट शून्य, इक्वलायझर फ्लॅट, वेगानुसार आवाज वाढवणारी सेटिंग बंद, स्टिरिओचा आवाज पाऊणच्या आसपास, म्हणजे ४० पर्यंत जात असेल तर ३०. फोनवर ५० हर्ट्झचा ० डीबीचा टोन डाउनलोड करून लावा आणि अ‍ॅम्पच्या आउटपुटला एसी व्होल्ट मोजा. किती हवेत, तर वॅट गुणिले ओहम आणि त्याचं वर्गमूळ. ३०० वॅट ४ ओहमला ३४.६ व्होल्ट, ३०० वॅट २ ओहमला २४.५. सब अ‍ॅम्पपेक्षा कमी वॅटचा असेल तर सबचे वॅट धरा. तो आकडा येईपर्यंत गेन हळूहळू वाढवा आणि तिथे थांबा. लो पास (त्या आकड्याखालचाच आवाज सबला जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. पोर्ट (हवेचं भोक) असलेला बॉक्स असेल तर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचा आवाज कापणारा) २५-३० हर्ट्झवर लावाच, कारण पोर्टच्या ट्यूनिंगच्या खाली कोनला आवरणारं काही राहत नाही आणि तो फाटतो.

जागा

सीएनजी गाडीत डिकी टाकीने भरलेली असते, तिथे टाकीच्या ब्रॅकेटला अ‍ॅम्प कसणारे लोकं मी बघितलेत, कृपा करून हे करू नका. सीटखालचा अ‍ॅक्टिव्ह सब घ्या, आठ इंचाचा मिळतो, अ‍ॅम्प आतच असतो, गडगडाट होत नाही पण गाणं भरल्यासारखं वाटतं. टाटाच्या दोन छोट्या सिलिंडरवाल्या गाड्यांत डिकी बरीच मोकळी राहते, तिथे छोटा बॉक्स बसू शकतो. सीटखाली अ‍ॅम्प ठेवणार असाल तर थेट कार्पेटवर नको, प्लायच्या तुकड्यावर इंचभर उचलून ठेवा, पावसाळ्यात पाणी आलं किंवा एसीची नळी तुंबली की पहिलं कार्पेट भिजतं.

तक्रार आलीच तर

रेस दिल्यावर कुईं आवाज वाढत असेल तर आधी अ‍ॅम्पचे आरसीए काढून बघा. आवाज गेला तर तो सिग्नलमधून येतोय, म्हणजे पॉवरची वायर आणि आरसीए एकाच बाजूने नेलेत किंवा कन्व्हर्टरची अर्थ वेगळ्या जागी आहे, ती अ‍ॅम्पच्याच बोल्टवर आणा. आरसीए काढूनही आवाज राहिला तर अ‍ॅम्पची स्वतःची अर्थ बघा.

मागच्या सीटवर बेस आहे आणि ड्रायव्हरला नाही, असं असेल तर फेजचं (सबची हालचाल उलटी करणारं) बटण ० वरून १८० करून ऐका, तेवढ्याने बरेचदा जमतं.

प्रोटेक्टचा लाल दिवा लागला तर सबच्या वायरी काढून अ‍ॅम्प परत चालू करा. दिवा गेला तर सबमध्ये, त्याच्या वायरीत किंवा ओहममध्ये घोळ आहे. नाही गेला तर आरसीए काढून बघा, मग अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा, इंजिन चालू असताना १३.५ च्या वर हवेत आणि जोरात बेस पडताना १२ च्या खाली जायला नकोत. हे सगळं बरोबर येऊनही दिवा राहिला तरच अ‍ॅम्प दुरुस्तीला द्या, आणि देताना मोजलेले आकडे कागदावर लिहून द्या, दुरुस्ती करणाऱ्याला बोर्डवर कुठून सुरू करायचं ते त्यावरून लगेच कळतं.