मोसंबीच्या रसातलं ग्लुकोज मोजायचंय? आदल्या दिवशीच लागा

इथे ग्लुकोज एन्झाइम लावलेल्या इलेक्ट्रोडने मोजायचं: एन्झाइम ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं आणि इलेक्ट्रोड त्याचा विद्युतप्रवाह मोजतो. सुरुवात ग्लुकोजच्या प्रमाण (माहीत तीव्रतेच्या) द्रावणाने करा. निर्जल ग्लुकोज 1.80 ग्रॅम घेऊन डिस्टिल्ड वॉटरने 100 मिली करा (म्हणजे 100 मिलिमोलर, लिटरमागे 100 मिलिमोल) आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. ही रात्र चुकवू नका. ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम ग्लुकोजच्या बीटा रूपावरच काम करतं आणि विकतची पावडर बहुतेक अल्फा असते; रात्रभरात द्रावणातल्या अल्फाचा बराच भाग बीटात बदलतो. ताजं द्रावण वापरलं तर प्रवाह कमी मिळतो, कॅलिब्रेशनची (माहीत द्रावणांवरून प्रवाह आणि ग्लुकोज जुळवणारी) रेषा खाली बसते आणि पुढचा प्रत्येक रस आहे त्यापेक्षा गोड दिसतो.

बफरसाठी (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणासाठी) एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये डायपोटॅशियम फॉस्फेट 8.7, मोनोपोटॅशियम फॉस्फेट 6.8 आणि पोटॅशियम क्लोराइड 7.5 ग्रॅम, पीएच 6.8 जुळवून घ्या. आपल्याकडचं बोअरचं जड पाणी इथे चालत नाही, त्यातलं कॅल्शियम फॉस्फेटबरोबर खाली बसतं. सोडियमचे क्षारही नकोत, कारण पुढे इलेक्ट्रोडवर लागणाऱ्या प्रशियन ब्लू या निळ्या लोह-संयुगाला पोटॅशियम लागतं.

इलेक्ट्रोड प्रशियन ब्लूचा थर असलेलाच घ्या. साध्या प्लॅटिनमवर हायड्रोजन पेरॉक्साइड मोजायला सुमारे 0.6 व्होल्ट लागतात आणि तेवढ्यावर मोसंबीतलं क जीवनसत्त्वही प्रवाह देतं. प्रशियन ब्लूवर 0 व्होल्टच्या आसपास भागतं. तरी एक इलेक्ट्रोड बिनएन्झाइमचा ठेवा. त्याच रसात त्याचा प्रवाह पाहून वजा करा. पीएच 7 च्या वर गेला तर प्रशियन ब्लूचा थर विरघळू लागतो.

जालन्याची मोसंबी असो की दुसरी, फळ कापून रस काढा, साल पिळू नका; सालीतलं तेल इलेक्ट्रोडवर बसतं. रस गाळून बफरने शंभरपट पातळ करा. कॅलिब्रेशनसाठी प्रमाण द्रावणापासून 0.2, 0.5, 1 आणि 2 मिलिमोलर बनवा. रसाचं वाचन 2 च्या वर गेलं तर आणखी पातळ करा, रेषा पुढे ओढू नका.

एप्रिल-मेमध्ये सकाळचं कॅलिब्रेशन दुपारच्या नमुन्याला लावू नका, उष्णतेने एन्झाइमचा वेग वाढतो. दोन्ही वेळा पाण्याचं भांडं 25 अंशांवरच हवं. लाइट जाते, म्हणून एन्झाइमसाठी बर्फाचा डबा तयार असू द्या.

मिळालेला आकडा ब्रिक्सशी (रसात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांच्या मापाशी) ताडू नका. ब्रिक्समध्ये सुक्रोज, फ्रुक्टोज, आम्लं सगळंच येतं. सुक्रोज हवं असेल तर पीएच 4.5 ला इन्व्हर्टेज (सुक्रोज फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करणारं एन्झाइम) टाकून पुन्हा मोजा, वाढलेल्या ग्लुकोजच्या ग्रॅमला 1.9 ने गुणा.

दर दहा नमुन्यांनी 1 मिलिमोलर पुन्हा मोजा. त्याचा प्रवाह दहा टक्क्यांहून जास्त घसरला तर इलेक्ट्रोड बदला आणि ते दहाही नमुने परत घ्या.