पंखा फिरला की तापमान चढायचं

ॲम्प्लिफायरच्या पेटीत १२ व्होल्टचा छोटा पंखा बसवला होता. हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर, त्याच्या तापमानाप्रमाणे अर्डुइनो ऊनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड पीडब्ल्यूएम (वेग बदलण्यासाठी झपाट्याने चालू-बंद होणारा सिग्नल) देणार, मध्ये पंख्याचा करंट चालू-बंद करणारा मॉस्फेट. सर्किट साधंच. पण पंखा फिरायला लागला की तापमानाचा आकडा ३८ अंशांवरून थेट ४० वर. त्यामुळे पंखा आणखी जोरात, आकडा आणखी वर. हात लावावा तर हीटसिंक कोमटच!

सेन्सर बदलून फरक पडला नाही. मग मल्टिमीटरचं एक टोक सेन्सरच्या ग्राउंडच्या (करंट परत जातो त्या, शून्य व्होल्टच्या) पायावर आणि दुसरं अर्डुइनोच्या ग्राउंडवर ठेवलं. पंखा बंद असताना शून्य, चालू असताना २०-२५ मिलिव्होल्ट. मेख इथेच होती. एलएम३५ अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे दोन-अडीच अंश फुकटात वाढत होते. पंख्याचा करंट आणि सेन्सरचा सिग्नल एकाच बारीक वायरीतून परतत होते, आणि पंख्याच्या करंटमुळे त्या वायरीत पडणारं व्होल्टेज सेन्सरच्या आकड्यात मिसळत होतं.

पंख्याच्या मॉस्फेटची ग्राउंड वायर वेगळी काढून थेट सप्लायला नेली, सेन्सरची अर्डुइनोच्या पिनला. आकडा जागेवर आला. जाता जाता रेफरन्सही (ज्या व्होल्टेजशी तुलना करून अर्डुइनो सिग्नल मोजतो तो) ५ ऐवजी बोर्डाच्या आतला १.१ व्होल्ट केला. मोजण्याची अर्ध्या अंशाची पायरी ०.१ अंशावर आली.

कमी पीडब्ल्यूएमवर पंखा नुसता थरथरतो, म्हणून आधी अर्धा सेकंद पूर्ण वेग देतो. पंखा बंद होताना येणारा व्होल्टेजचा झटका जिरवायला पंख्याला उलटा डायोड हवाच. पीडब्ल्यूएमची ४९० हर्ट्झची गुणगुण मात्र येते. गाणी चालू असली की कळत नाही.