गिट लॉगच्या वनलाइनमध्ये अख्खा कमिट मेसेज एकाच ओळीत येत होता, ते असं सुटलं

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, आणि कमिट म्हणजे त्यातली एक नोंद. या नोंदींची यादी दाखवणाऱ्या गिट लॉगला वनलाइन (एका ओळीत एक कमिट) लावलं की शीर्षक आणि खालचं स्पष्टीकरण एकाच लांबलचक ओळीत चिकटून यायचं. टर्मिनल रुंद केलं, एडिटर बदलला. दोन संध्याकाळी फुकट गेल्या. गिट पहिल्या कोऱ्या ओळीपर्यंतचं सगळं शीर्षक धरतं, आणि मी ती ओळ सोडतच नव्हतो.

आधी शेवटच्या कमिटचा मेसेज सुधारायला 'गिट कमिट --अमेंड'. पहिल्या ओळीत, साधारण 50 अक्षरांत, 'लॉगिनचा टाइमआउट वाढवला' एवढंच. दुसरी ओळ कोरी. तिसरीपासून का वाढवला ते, 72 अक्षरांवर ओळ तोडत. मग सेव्ह. त्याआधीच्या दोन कमिटसाठी 'गिट रिबेस -आय हेड~3' (शेवटच्या तीन कमिटची यादी एडिटरमध्ये उघडते), त्यांच्या 'पिक'च्या (आहे तसं ठेव) जागी 'रीवर्ड' (मेसेज बदल). (पुश झालेल्यांना, म्हणजे सर्व्हरवर गेलेल्या कमिटना, हात लावला नाही, कारण हॅश, म्हणजे कमिटची ओळखखूण, बदलतो.) घाईत एडिटर नको असेल तर 'गिट कमिट'ला '-एम' (मेसेज कमांडमध्येच लिहायचा पर्याय) दोनदा द्या, एकदा शीर्षकासाठी, एकदा स्पष्टीकरणासाठी, मधली कोरी ओळ गिटच घालतं.