गोळाभात खाऊन गुबारा धरला? ओवा-हिंगाचं चूर्ण असं करा

आमच्या वऱ्हाडात पोट फुगायला निमित्त शोधावं लागत नाही. दुपारी गोळाभात, सांजच्याला झुणका-भाकर, दोन्हीकडे चणाडाळच. तिच्यातल्या काही साखरा लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जीवाणू त्या आंबवतात आणि वायू धरतो. त्यावर सोडा-लिंबू पिऊन ढेकर काढणारे पुष्कळ. ढेकर येतो तो सोड्याचाच. खालचा गुबारा तिथेच!

ओवा 4 चमचे, जिरं 2, बडीशेप 2, सुंठपूड 1, शेंदेलोण 1 आणि कुटलेला हिंग अर्धा चमचा.

जिरं-बडीशेप कोरडी भाजा. ओवा नुसता गरम करा, वास सुटला की उतरवा. त्याच्या तेलातलं थायमॉल, म्हणजे वास देणारं द्रव्य, आचेनं उडतं. लाल केलेला ओवा म्हणजे भुसा.

आता हिंग. इथेच माझी दोन चूर्णं उकिरड्यावर गेली. डबीतली पिवळी पूड नको, तिच्यात पीठ आणि डिंकच फार. खडा हिंग आणा. पहिल्यांदा मी बोराएवढा खडा तसाच तुपात सोडला. वरून काळा, आतून चिकट. बत्त्याला जो बसला तो निघेना, चूर्ण कडूजहर. दुसऱ्यांदा धाकानं कच्चाच घातला, तर घरात कोणी बरणीला हात लावेना.

खडा आधी तुरीच्या दाण्याएवढा फोडा. तूप पाव चमचाच. जास्त झालं की चूर्णाचे गोळे होतात आणि पुढे खवट वास मारतो. चुलीवर करत असाल तर जाळ ओढून निखाऱ्यावर करा. दाणे फुगून हलके झाले की एक काढा, पूर्ण गार होऊ द्या, मग चिमटीत दाबा. चुरा झाला तर जमलं, दबून चिकटला तर कच्चा. गरम असताना तपासू नका, गरम हिंग मऊच लागतो. मी तो कच्चा समजून परततच राहायची, अन् जाळायची.

गार हिंग मिठासोबत कुटा, बाकीचं घालून दळा.

अर्धा चमचा, तूप-भातात कालवून, पहिल्याच घासाला. आयुर्वेदातलं हिंगाष्टक चूर्णही असंच घेतात. गरोदर बाया, बीपीवाले आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणारे यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. छातीत दुखून घाम फुटत असेल तर बरणी शोधत बसू नका, गाडी काढा आणि दवाखाना गाठा.