जुनं ॲनिमे जपायचं तर: डिस्क निवडावी कशी, तपासावी कशी, सांभाळावी कशी

2 एप्रिल 2024 ला फनिमेशन या जपानी ॲनिमेशन (ॲनिमे) विकणाऱ्या अमेरिकन कंपनीची स्ट्रीमिंग सेवा बंद झाली. त्या कंपनीच्या अनेक डीव्हीडी-ब्लू-रेच्या खोक्यात एक कोड यायचा. तो टाकला की तेच ॲनिमे तुमच्या खात्यात डिजिटल रूपातही जमा व्हायचं. ती सेवा क्रंचीरोल या दुसऱ्या ॲनिमे-स्ट्रीमिंग सेवेत विलीन झाली, पण या डिजिटल प्रती काही तिकडे गेल्या नाहीत. एकाच खोक्यातून आलेल्या दोन प्रतींपैकी एक गेली आणि डिस्क मात्र आजही चालते.

मी पुण्यात जपानी शिकले, सध्या तोक्योत निशि-कासाईला राहते आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांतलं ॲनिमे डिस्कवर जमवते. भारतातून ओळखीचे लोक विचारतात, "सुरुवात करायची आहे, काय घेऊ, कुठून घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं असतं: आधी कोणती आवृत्ती हवी ते ठरवा. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आवृत्ती ठरवणं

'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन' 1995-96 ची मालिका. 2019 मध्ये ती नेटफ्लिक्सवर आली तेव्हा इंग्रजी डबिंग नवं होतं, सबटायटल नवी होती आणि प्रत्येक भागाच्या शेवटी वाजणारं जुनं अमेरिकन गाणं बऱ्याच देशांत काढून टाकलेलं होतं. नाव तेच, भाग तेच 26. ज्यांनी ती पहिल्यांदा तिथेच पाहिली त्यांना काही बदललंय हे कळायला मार्गच नव्हता. ते गाणं आणि ते जुने आवाज ज्यांच्याकडे एडीव्ही या अमेरिकन प्रकाशकाच्या जुन्या डीव्हीडी होत्या त्यांच्या कपाटात राहिले.

पण डिस्क म्हणजे आपोआप मूळ प्रत, असंही नाही. 'ड्रॅगन बॉल झी' टीव्हीसाठी 4:3 चौकटीत बनली. 2007 पासून अमेरिकेत तिचे जे सीझन-संच निघाले त्यांत रुंद पडदा भरावा म्हणून चित्र वरून-खालून कापलेलं आहे, आणि फिल्मचे दाणे (चित्रावरचा बारीक खरखरीतपणा) पुसण्याच्या नादात बारीक रेषाही पुसट झाल्या आहेत. जपानमध्ये 2003 मध्ये निघालेल्या 'ड्रॅगन बॉक्स' डीव्हीडींत चित्र पूर्ण आहे. नवा संच स्वस्त आणि चकचकीत असला तरी जतनासाठी मी जुनाच घेईन.

दोन आवृत्त्यांची तुलना करताना एकाच क्षणाची चित्रं शेजारी ठेवा आणि चार ठिकाणी बघा. चौकटीच्या कडा: डोकी, हात कापले गेलेत का? केसांच्या आणि पापण्यांच्या बारीक रेषा: त्या सलग आहेत की मध्येच विरतात? सपाट रंगाचा मोठा भाग, उदाहरणार्थ रात्रीचं आकाश: तिथे फिल्मचे दाणे दिसायला हवेत, मेणासारखा गुळगुळीतपणा नव्हे. आणि सुरुवातीची नामावली: मूळ जपानी अक्षरं आहेत की त्यावर इंग्रजी चिकटवलीय?

मग वर्ष बघा. साधारण 2000 पर्यंत ॲनिमे सेलवर, म्हणजे पारदर्शक पातळ प्लास्टिकवर, रंगवून फिल्मवर चित्रित व्हायचं; टीव्हीसाठी बहुधा 16 मिमी, चित्रपटासाठी 35 मिमी. फिल्म शाबूत असेल तर ती नव्याने स्कॅन करून ब्लू-रेवर डीव्हीडीपेक्षा खरोखर जास्त तपशील आणता येतो. त्यानंतर स्टुडिओ संगणकावर रंगवू लागले आणि पहिली काही वर्षं बऱ्याच मालिका त्या काळच्या टीव्हीच्या रिझोल्यूशनमध्येच पूर्ण करून टेपवर ठेवल्या गेल्या. तिथे स्कॅन करायला फिल्मच नाही. 2002 च्या अशा मालिकेची ब्लू-रे म्हणजे तेच चित्र फुगवलेलं, त्यामुळे तिच्यासाठी चांगल्या डीव्हीडीपेक्षा दुप्पट पैसे देण्याआधी विचार करा. अमेरिकेतली डिस्कोटेक मीडिया अशा काही मालिका न फुगवता, मूळ रिझोल्यूशनमध्येच, पुष्कळ भाग एका ब्लू-रेवर घालून विकते. मला तो प्रामाणिक मार्ग वाटतो.

खरेदी

तोक्योत नाकानो ब्रॉडवेमधलं मांदाराके, गावोगावच्या बुक ऑफ शाखा आणि ऑनलाइन सुरुगाया ही जुन्या डिस्क घेण्याची माझी नेहमीची ठिकाणं. भारतातून घ्यायचं तर बायी किंवा झेनमार्केटसारखी मध्यस्थ सेवा लागते. ती तुमच्या वतीने घेऊन पार्सल पाठवते. मध्यस्थाचं शुल्क, टपाल आणि कस्टम्सची ड्युटी धरूनच किंमत ठरवा, नाहीतर स्वस्त दिसलेला संच दारात येईपर्यंत महाग पडतो.

जपानी डीव्हीडीवर साधारण दोन-चार भाग असतात आणि इंग्रजी सबटायटल बहुतेक वेळा नसतात. चित्र मात्र उत्तम असतं. भाड्याच्या दुकानांनी काढून टाकलेल्या डीव्हीडी अगदी स्वस्तात मिळतात. त्या अनेकदा यंत्रावर घासून पॉलिश केलेल्या असतात आणि पुस्तिका नसते. मालिका दुर्मिळ असेल तरच मी त्या घेते. पाठीवरची कागदी पट्टी, जिला ओबी म्हणतात, ती असेल तर जपा. त्यावरचा उत्पादन क्रमांक पुढे आवृत्ती ओळखायला लागतो.

पन्नास भाग तीन डिस्कमध्ये, चिनी सबटायटल, 'ऑल रीजन' असं मोठ्ठं लिहिलेलं आणि कुठेही मूळ प्रकाशकाचं नाव नाही, असा संच दिसला तर तो बनावट आहे. चित्र इतकं दाबलेलं असतं की जतन करण्याजोगं त्यात काही उरत नाही.

रीजनचं गणित आधी समजून घ्या. रीजन म्हणजे डिस्क कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल हे ठरवणारा कोड; डिस्क आणि प्लेअरचा कोड जुळायला हवा. डीव्हीडीत भारत 5, जपान 2, अमेरिका 1. ब्लू-रेत भारत सी, तर जपान आणि अमेरिका दोघंही ए. म्हणजे जपानी ब्लू-रे अमेरिकी प्लेअरवर चालते, भारतातल्या साध्या प्लेअरवर नाही. 4के अल्ट्रा एचडी डिस्कना ही कटकट नाही. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचं रीजन फक्त पाच वेळा बदलता येतं आणि मग ते कायमचं अडकतं, म्हणून जपानी डिस्कसाठी एक ड्राइव्ह वेगळा ठेवा. जपानमधून प्लेअर आणणार असाल तर तो 100 व्होल्टचा असतो. आपल्या 230 व्होल्टच्या सॉकेटला तो थेट लावला तर जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या; मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो.

लेझरडिस्कबद्दल, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या मोठ्या व्हिडिओ डिस्कबद्दल, थोडं वेगळं सांगायला हवं. 1983 च्या 'डॅलोस'पासून थेट व्हिडिओ कॅसेटसाठी ॲनिमे बनायला लागलं, आणि त्यातल्या काही गोष्टी व्हीएचएस आणि लेझरडिस्कच्या पुढे कधी आल्याच नाहीत. म्हणून 30 सेंटिमीटरच्या या जडशीळ डिस्क आजही महत्त्वाच्या आहेत. त्यावरचं चित्र ॲनालॉग असतं, आणि दोन बाजू चिकटवणारा थर बिघडला की आतलं ॲल्युमिनियम गंजतं. पडद्यावर रंगीत ठिपके लुकलुकू लागतात. विक्रेत्याला तेवढं एक विचारा. पायोनियरने प्लेअर बनवणं 2009 मध्ये थांबवलं. आता हार्ड ऑफ या जुन्या वस्तूंच्या जपानी दुकानांतल्या 'जंक' (बिघडलेल्या मालाच्या) कप्प्यात मिळतील तेच, आणि तिथे परतीची बोली नसते. लेझरने वाचलेला कच्चा सिग्नलच साठवून पुढचं काम संगणकावर करणारा 'एलडी-डीकोड' हा मुक्त प्रकल्प आहे. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असेल तर त्यात जरूर शिरा. प्लेअरच्या जुन्या सर्किटमधून निघणाऱ्या चित्रापेक्षा त्याचं फळ सरस असतं.

डिस्क घरी आल्यावर

आल्या आल्या तपासा, परत करायची मुदत संपण्याआधी. तेजस्वी दिव्याखाली डिस्क तिरकी धरा. मध्यापासून कडेकडे जाणारा ओरखडा वाचनाच्या बहुधा आड येत नाही; ट्रॅकच्या दिशेने गोल गेलेला ओरखडा जास्त घातक. डीव्हीडीत माहिती दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असते, म्हणून पृष्ठभाग पॉलिश करून ती वाचवता येते. ब्लू-रेत ती पृष्ठभागापासून फक्त 0.1 मिलिमीटर आत असते. खोल चरा पडला की पॉलिशचा उपयोग नाही. डिस्क उजेडासमोर धरून टाचणीएवढी छिद्रं, तांबूस डाग, मध्याजवळचे बुडबुडे बघा. कारखान्यात छापलेली डिस्कही बिघडते. वॉर्नर ब्रदर्सने 2006 ते 2008 दरम्यान बनलेल्या आपल्या काही डीव्हीडींत दोष असल्याचं 2025 मध्ये मान्य केलं. वरून स्वच्छ दिसणारी डिस्क शेवटच्या भागाला अडते, म्हणून शेवटपर्यंत चालवून बघा.

त्यानंतर प्रत काढायची. इथे कायदा लक्षात ठेवा. जपानमध्ये 2012 च्या दुरुस्तीनंतर डिस्कचं कुलूप, म्हणजे प्रत काढू न देणारं संरक्षण, तोडून घरगुती प्रतही काढता येत नाही. भारतात 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 खासगी वापरासाठी फेअर डीलिंगची (रास्त वापराची) सवलत देतं, आणि 2012 मध्ये आलेलं कलम 65अ कुलूप तोडण्याचा गुन्हा हक्कभंगाच्या हेतूशी जोडतं. म्हणून मी तोक्योत फक्त डिस्क घेते आणि चालवून बघते. डिस्कच्या प्रती मी सुट्टीत आले की चिपळूणला, आईबाबांच्या घरी काढते. त्या कुणालाही देत नाही.

मेकएमकेव्ही या डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्राममध्ये एकेक भाग वेगळा काढण्याऐवजी 'बॅकअप' हा पर्याय निवडा. मेनू, पर्यायी ध्वनी, सबटायटल, अतिरिक्त चित्रफिती, सगळं जसंच्या तसं येतं. डिस्क अडखळत असेल तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर घालून बघा. एकाला न वाचता आलेला भाग दुसऱ्याला पुष्कळदा वाचता येतो. डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम आधी सोपे भाग उचलतो, मग अवघड भागांकडे पुन्हा पुन्हा जातो आणि काय राहिलं त्याची नोंद ठेवतो.

ही मूळ प्रत पुन्हा कॉम्प्रेस करू नका, तिचं इंटरलेसिंग (जुन्या टीव्हीसाठी प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत साठवण्याची पद्धत) काढू नका, एआयने मोठी तर अजिबात करू नका. जपानी डीव्हीडीत सेकंदाला 24 फ्रेमची फिल्म टीव्हीच्या वेगात बसवलेली असते. ती गाठ चुकीची सोडवली की हालचालीत कायमचा धक्का बसतो. टीव्हीवर बघायला हलकी प्रत हवी असेल तर वेगळी बनवा, मूळ फाइलला हात लावू नका.

फाइल तयार झाली की तिचा एसएचए-256 हॅश (फाइलमध्ये काहीही बदललं तर बदलणारा, तिच्या ठशासारखा आकडा) काढून शेजारी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवा. वर्षातून एकदा पुन्हा काढून जुळतो का बघा. पुस्तिका, ओबी, खोक्याच्या सगळ्या बाजू 600 डीपीआयला स्कॅन करा. डिस्कच्या आतल्या कड्यावरचा बारीक क्रमांकही लिहून ठेवा. एकाच संचाच्या दोन छपाया त्यावरूनच वेगळ्या ओळखता येतात.

ठेवणं

डिस्क उभी ठेवा, उन्हापासून लांब. जुन्या बॉक्स-सेटमध्ये फोमचा तुकडा असेल तर काढून टाका. फोम विरघळून डिस्कला चिकटतो. कोकणातल्या पावसाळ्यात हवाबंद डबा, त्यात रंग बदलणारं सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. आकडा 50 टक्क्यांच्या खाली राहू दे. बुरशी दिसली तर डिस्टिल्ड पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब आणि मऊ कापड. पुसताना मध्यापासून सरळ बाहेर, गोल नाही.

दोन हार्ड डिस्क घ्या आणि त्यातली एक दुसऱ्या गावी ठेवा. जुलै 2021 मध्ये चिपळूणला पाणी आलं तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत कपाटंच्या कपाटं चिखलात गेली. त्यानंतर आमच्याकडे एक हार्ड डिस्क चिपळूणला आणि एक पुण्यात मावशीकडे असते. स्वतः बर्न केलेल्या डिस्कवर मी फार भिस्त ठेवत नाही: साध्या डीव्हीडी-आरमधला रंगद्रव्याचा थर काळानुसार उडतो, आणि सोनीने तर रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रेचं उत्पादन फेब्रुवारी 2025 मध्ये थांबवलं.

तुमच्या माळ्यावर काय आहे?

ॲनिमेच्या भारतातल्या जुन्या आवृत्त्या जपण्याचं काम जपानमध्ये कुणी करू शकत नाही, ते आपणच करायचं आहे. निप्पॉन ॲनिमेशनची 1989-90 ची 52 भागांची मोगलीची मालिका 1993 मध्ये दूरदर्शनवर हिंदीत आली. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजांचं संगीत, शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. यातलं काहीच जपानी डिस्कवर नाही. तेव्हा घरी कुणी व्हीसीआरवर ते रेकॉर्ड केलं असेल, तर ती कॅसेट मौल्यवान आहे.

ती लगेच व्हीसीआरमध्ये घालू नका. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून टेपच्या कडा बघा. पांढरे धागे किंवा भुकटी दिसली तर बुरशी आहे, आणि ती यंत्राच्या हेडवर जाऊन पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागेल. अशी कॅसेट सफाई जाणणाऱ्याकडेच द्या. टेप स्वच्छ असेल तर मागची छोटी प्लास्टिकची पट्टी आधी मोडा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन मागे आणा, मग चालवा. शक्यतो टाइम बेस करेक्टर (डळमळणारं चित्र स्थिर करणारी यंत्रणा) असलेला एस-व्हीएचएस व्हीसीआर मिळवा. 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम, इंटरलेस्ड, आणि एफएफव्ही1 हा कोडेक (व्हिडिओ साठवण्याची पद्धत) निवडा, म्हणजे काहीही न गमावता साठवण होईल.

आणि मधल्या जाहिराती, निवेदिका, बातम्यांचा तुकडा कापू नका. कॅसेटवर तारीख लिहिलेली नसली तर तो भाग कधी दाखवला गेला हे त्यावरूनच ठरवता येतं.